जात ठाऊक होती, हेतू सिद्ध झाला नाही

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी हत्याकांडाला आज, २९ सप्टेंबर २०२६ रोजी, वीस वर्षे होत आहेत. त्या संध्याकाळी गावातल्या जमावाने भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांचा जीव घेतला. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. पुढची दहा वर्षे त्यांनी कोर्टकचेऱ्यांत काढली आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. आज ठिकठिकाणी अभिवादनाचे फलक लागतील, सभा होतील, पुन्हा खैरलांजी होऊ देणार नाही अशा घोषणा होतील. त्याला हरकत नाही. पण या प्रकरणाने कायद्यापुढे जो प्रश्न टाकला, त्याचे उत्तर वीस वर्षांत अर्धेच मिळाले आणि मिळालेले अर्धे उत्तरही नवा कायदा लिहिताना आपण विसरलो. याची दखल व्यासपीठावरून कुणी घेईल असे दिसत नाही, म्हणून ती येथे घेणे भाग आहे.

तो प्रश्न शिक्षेचा नव्हता. शिक्षा झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये अकरापैकी आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. दलितांच्या हत्येबद्दल फाशी ही आपल्याकडे विरळा गोष्ट. त्यामुळे निकालाचे स्वागतही झाले. पण त्याच निकालात अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा आरोप सिद्ध झाला नसल्याचे म्हटले होते. जुलै २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली आणि जातीच्या मुद्द्यावर खालच्या न्यायालयाचेच मत कायम ठेवले. हा जातीय अत्याचार नव्हे, हा सूड आहे, असे त्या मताचे सार.

आता हा सूड कशाचा होता ते पाहू. हत्याकांडाच्या काही आठवडे आधी भोतमांगे कुटुंबाच्या एका स्नेह्याला मारहाण झाली होती. त्या मारहाणीची साक्ष या कुटुंबातील बाईने पोलिसांत दिली. संशयितांना अटक झाली, ते जामिनावर सुटले आणि सुटले त्याच दिवशी हे घडले. त्याआधी शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होताच. कोर्टाला यात जमीन दिसली, साक्ष दिसली, राग दिसला, तो होताही. प्रश्न एवढाच, की गावातल्या एखाद्या बहुसंख्य जातीच्या बाईने हीच साक्ष दिली असती तर जमाव तिच्या घरात असाच शिरला असता काय? तिच्या लेकरांवर हात टाकला असता काय? साक्ष देण्याची हिंमत कुणी केली, यावर त्या हिमतीची किंमत ठरते. खैरलांजीत ती जातीने ठरली असे म्हणायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. कायद्याला मात्र हे म्हणता आले नाही.

त्याचा सगळा दोष न्यायमूर्तींवर टाकणे सोपे आहे आणि तेव्हा तो भरपूर टाकलाही गेला. पण त्यांच्यापुढे जे कलम होते ते काय सांगत होते, हेही पाहायला हवे. १९८९ च्या या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातले कलम ३(२)(पाच) असे होते : दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ केला असेल, तर जन्मठेप. ‘या कारणावरून’ या दोन शब्दांवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच दोन प्रकरणांत बोट ठेवले होते. त्यातले एक प्रकरण राजस्थानचे, दुसरे आपल्या महाराष्ट्राचे. दोन्हीकडे बलात्काराचा आरोप होता आणि दोन्हीकडे न्यायालयाने सांगितले, की पीडित स्त्री अनुसूचित जातीची आहे एवढ्याने हे कलम लागत नाही. ती त्या जातीची आहे म्हणून गुन्हा झाला हे सरकार पक्षाने सिद्ध करायला हवे. खालच्या न्यायालयांनी पुढे हीच पट्टी लावली आणि ती लावता लावता आणखी आवळली. कारण सिद्ध करा याचा अर्थ जात हेच एकमेव कारण होते असे सिद्ध करा, इथपर्यंत ती गेली. शेताचा बांध, विहिरीचे पाणी, प्रेमप्रकरण, उधारी, निवडणूक यांपैकी एखादे कारण आरोपीच्या वकिलाने पुढे ठेवले की जात बाजूला पडे. आपल्या खेड्यांत जातीय हिंसा कुठल्याही निमित्ताशिवाय, निव्वळ द्वेषापोटी घडते असे मानले तरच ही पट्टी योग्य ठरते. ती तशी घडत नाही. तिला नेहमीच काहीतरी निमित्त असते.

सिद्ध करायचे तरी कसे? मारणारा मारताना जातीचा उल्लेख करून मारत नाही. केला तरी तो ऐकणारे त्याच गावात राहणारे असतात आणि खटला उभा राहीपर्यंत त्यातले निम्मे फितूर होतात. उरते ती पीडिताच्या घरच्यांची साक्ष, आणि ती हितसंबंधी म्हणून संशयाने पाहिली जाते. हत्या सिद्ध करायला शवविच्छेदनाचा अहवाल असतो, मुद्देमाल असतो, पंचनामा असतो. आरोपीच्या डोक्यातल्या विचाराचा पंचनामा कोण करणार?

गंमत अशी (अर्थात हिला गंमत म्हणायचे तर), की १९८९ च्या कायद्याहून चौतीस वर्षे जुन्या कायद्याला हे कळले होते. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, त्याच्या बाराव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे : त्या कायद्याखालचे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, तसे नव्हते हे आरोपीने दाखवावे. म्हणजे पाणवठ्यावर अडवले तर कारण गृहीत धरायचे, आणि जिवे मारले तर मात्र सरकार पक्षाने ते सिद्ध करायचे. अधिक गंभीर गुन्ह्यांसाठी अधिक कडक कायदा करायला बसलेल्या संसदेकडून हे गृहीतक गळाले कसे, याचा समाधानकारक खुलासा कुठे सापडत नाही. त्याची किंमत पुढची पंचवीस वर्षे पीडितांनी मोजली.

ही चूक दुरुस्त झाली ती २०१५ च्या दुरुस्ती कायद्याने. २६ जानेवारी २०१६ पासून ‘या कारणावरून’ हे शब्द गेले आणि पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे ‘ठाऊक असताना’ अशी शब्दयोजना आली. जोडीला आठव्या कलमात आणखी एक तरतूद झाली : आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल तर त्याला त्यांची जात ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरील, ठाऊक नव्हती हे आरोपीने सिद्ध करावे. पाच-दहा मैलांत कोण कुठल्या आळीतला हे ज्या देशात पोरासोरांनाही माहीत असते, तेथे ही तरतूद वास्तवाला धरून होती. खैरलांजीचा खटला या कलमाखाली चालला असता तर निकालपत्राचा तो भाग वेगळा झाला असता. पण फौजदारी कायदा मागे जाऊन लागू होत नाही, आणि तसाच नियम असला पाहिजे.

२०१६ च्या आधीची प्रकरणे मात्र जुन्याच पट्टीने मोजली जात राहिली. त्यातले एक एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाले. आंध्र प्रदेशातील एका अंध दलित तरुणीवरील बलात्काराचे ते प्रकरण. न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाने बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम ठेवली, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची शिक्षा पुराव्याअभावी रद्द केली. निकाल असा लागला तरी त्यातले विवेचन मोलाचे आहे. जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही, अनेक कारणांतले ते एक असले तरी पुरे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. ती तरुणी स्त्री होती, अंध होती, दलित होती. या तिन्ही गोष्टींनी मिळून तिला असुरक्षित केले होते आणि त्यातली एक सुटी काढून गुन्हा केवळ त्या एका गोष्टीमुळे घडला असे दाखवता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. एवढे सगळे मान्य करूनही त्या स्त्रीला त्या कलमाचा उपयोग झाला नाही, कारण साक्षीपुराव्यात जातीविषयी कुणी काही विचारलेच नव्हते. चांगल्या तत्त्वाला वाईट तपासाची जोड मिळाली की असे होते.

येथवरची कथा धीम्या का होईना, सुधारणेची आहे. पुढची तशी नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने भारतीय दंड संहिता मोडीत काढून भारतीय न्याय संहिता आणली. १ जुलै २०२४ पासून ती लागू आहे. वसाहतवादी कायदा गेला म्हणून ढोल वाजले आणि त्या ढोलांत झुंडबळींविरुद्ध देशात पहिल्यांदाच कायदा झाल्याचाही एक ठोका होता. कलम १०३(२) ते हेच. पाच किंवा अधिक जणांच्या जमावाने एकत्र येऊन वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम अन्य ‘कारणावरून’ खून केला, तर जमावातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. सात-आठ वर्षे आधी त्याच संसदेने अनुभवाअंती काढून टाकलेली कसोटी येथे जशीच्या तशी परत आली आहे. गृहीतक नाही, अंशतः कारण असले तरी चालेल अशी स्पष्टता नाही, पुरावा कशाला म्हणायचे याची दिशा नाही. यादीत धर्म हा शब्दही नाही. तो ‘वैयक्तिक श्रद्धे’त किंवा ‘समुदाया’त येतो असे सांगितले जाते. येत असेल. पण या देशात झुंडींच्या हातून जे बळी गेले त्यात धर्म किती ठिकाणी होता हे ठाऊक असताना, तोच एक शब्द वाचकाने अंदाजाने भरून घ्यावा अशी व्यवस्था कायदा लिहिणाऱ्याने का करावी?

याहून मोठी मेख शिक्षेत आहे आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. साध्या खुनाचे कलम १०३(१) पाहा : फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. झुंडबळीचे कलम १०३(२) पाहा : फाशी किंवा जन्मठेप, आणि दंड. गंभीर दुखापतीचेही (कलम ११७) तेच. एकट्याने केली तर सात वर्षांपर्यंत, पाच जणांनी द्वेषातून केली तरी सात वर्षांपर्यंत. जमावातल्या प्रत्येकाला जबाबदार धरण्याची सोय म्हणाल तर बेकायदा जमावाच्या जुन्या कलमात ती आधीपासून होतीच. मग तालुक्याच्या न्यायालयातला सरकारी वकील हेतू सिद्ध करण्याच्या खटाटोपात पडेल कशाला? साध्या खुनात जी शिक्षा मिळते तीच मिळवण्यासाठी एक जास्तीची, सर्वांत अवघड गोष्ट सिद्ध करायची आणि ती करताना मूळ खटलाही लटपटवायचा? शहाणा वकील ते कलम आरोपपत्रातून गाळायलाच सांगेल. कलम पुस्तकात राहील, मंत्र्यांच्या भाषणात राहील आणि न्यायालयात क्वचितच दिसेल.

हा नुसता तर्क नाही. हेतूच्या प्रश्नावर आपली यंत्रणा किती गोंधळते याचा एक नमुना पुण्यानेच पाहिला आहे. जून २०१४ मध्ये समाजमाध्यमावरच्या विटंबनेच्या चित्रांवरून शहरात तणाव होता. त्या चित्रांशी काडीचा संबंध नसलेल्या एका मुस्लिम तरुणाला हडपसरमध्ये घरी परतताना जमावाने मारून टाकले. तो माहिती तंत्रज्ञान कंपनीत काम करत होता. जानेवारी २०१७ मध्ये तीन आरोपींना जामीन देताना उच्च न्यायालयाने जे लिहिले ते वाचून अनेकांना धक्का बसला. मृताचा दोष इतकाच की तो दुसऱ्या धर्माचा होता. आरोपींचे त्याच्याशी वैयक्तिक वैर नव्हते, ते धर्माच्या नावावर भडकवले गेले होते, आणि ही बाब आरोपींच्या बाजूची आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अशा प्रकरणांत न्यायालयांनी भाषेचे भान ठेवावे असे सुनावले, हे बरे झाले. पण खैरलांजी आणि हडपसर शेजारी ठेवून पाहा. एकीकडे वैयक्तिक वैर होते म्हणून द्वेषाचा गुन्हा ठरला नाही. दुसरीकडे वैयक्तिक वैर नव्हते, द्वेषच होता, म्हणून आरोपींना सवलत मिळाली. दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडला तो मेलेलाच. हडपसरच्या खटल्यात पुढे जानेवारी २०२३ मध्ये सर्व आरोपी पुराव्याअभावी सुटले.

पाच या आकड्याचे कोडेही उलगडत नाही. जुलै २०२३ च्या अखेरीस जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत आपला वरिष्ठ आणि तीन मुस्लिम प्रवासी यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायावर आहे. तो खटला न्यायालयाचा विषय. त्यावर येथे भाष्य नको. पण अशी घटना नव्या संहितेखाली घडली आणि तिच्यामागे द्वेष होता असे निःसंशय सिद्ध झाले, तरी हे कलम लागणार नाही, कारण मारणारा एकच असेल. चौघे असले तरी लागणार नाही. आणि जेथे जमाव होता तेथे कारण सापडत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले गेले. ते मंगळवेढा भागातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. पालघरच्या गडचिंचल्यात एप्रिल २०२० मध्ये दोन साधू आणि त्यांचा चालक असेच अफवेचे बळी ठरले. या दोन्ही ठिकाणी कलमातले कोणते कारण लावणार? राईनपाड्याच्या बाबतीत पिढ्यान्पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणाऱ्यांबद्दल गावांच्या मनात साठलेला संशय, हे खरे कारण. भटक्यांना हे सांगावे लागत नाही. गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुसला तरी नजर पुसली गेलेली नाही. पण ‘तत्सम अन्य कारण’ या पोतडीत ती नजर बसते की नाही, हे एखाद्या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत कुणालाच सांगता येणार नाही.

परदेशांत हे प्रश्न सुटले आहेत असे नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या आमिश पंथीयांच्या एका गटाने २०११ मध्ये पंथातल्याच विरोधकांच्या दाढ्या आणि बायकांचे केस बळजबरीने कापले. पंथात दाढी हे धर्माचरणाचे चिन्ह. सोळा जणांना संघराज्याच्या द्वेषगुन्हे कायद्याखाली दोषी ठरवले गेले, पण २०१४ मध्ये अपील न्यायालयाने ते दोषित्व रद्द केले. धर्म नसता तर हे घडलेच नसते इतपत सिद्ध व्हायला हवे होते, भांडणात नातेसंबंध आणि घरगुती हेवेदावेही होते, असे कारण दिले. बांध आणि विहीर तिकडेही आडवी येते तर! इंग्लंडने १९९८ च्या कायद्यात यावर जो तोडगा काढला तो अधिक शहाणपणाचा आहे. तेथे दोन वाटा आहेत. एक हेतूची : गुन्हा पूर्णतः किंवा अंशतः वंशद्वेषातून झाला का. दुसरी दिसणाऱ्या वर्तनाची : गुन्हा करताना, लगेच आधी किंवा लगेच नंतर आरोपीने तसे वैर प्रकट केले का. दुसऱ्या वाटेने गेले की डोक्यात शिरावे लागत नाही. तोंडातून काय निघाले आणि हाताने काय केले यावर भागते. वैराला आणखी एखादे कारण जोडलेले असले तरी फरक पडत नाही, हेही त्या कायद्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे.

आता आक्षेपांकडे. महाराष्ट्रात हा विषय निघाला की पहिला शब्द येतो तो गैरवापर. कोपर्डीतील बलात्कार व हत्येनंतर २०१६ मध्ये निघालेल्या मराठा क्रांती मोर्चांच्या मागण्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात, म्हणजे याच अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, बदल ही एक प्रमुख मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी तात्काळ अटकेवर बंधने घातली ते प्रकरणही आपलेच होते, कऱ्हाडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरून सुरू झालेले. पुढे देशव्यापी बंद झाला, संसदेने कायदा पूर्ववत केला, न्यायालयाने २०१९ मध्ये स्वतःच ते निर्देश मागे घेतले आणि २०२० मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. या सगळ्या गदारोळात एक साधा भेद हरवला. गोपनीय अहवालातला शेरा, चारचौघांत झालेली जातिवाचक शिवीगाळ, अपमान हे शब्दांचे गुन्हे आहेत. तेथे हेतू हाच गुन्ह्याचा प्राण असतो. तो काढला तर गुन्हाच उरत नाही. तेथे कसोटी कडक असावी, लोकांसमक्ष घडले का हे पाहावे, जुना हिशेब चुकता करायला तक्रार झाली का हेही पाहावे. न्यायालये ते पाहत आली आहेत आणि त्यात गैर काही नाही. खून, बलात्कार, हातपाय तोडणे यांची गोष्ट निराळी. तेथे मूळ गुन्हा आधी संशयातीत सिद्ध व्हावाच लागतो. प्रश्न उरतो तो त्याच्या मागच्या कारणाचा. शिवीगाळीच्या खोट्या तक्रारीची भीती दाखवून खुनाच्या कलमाची धार बोथट करणे हे लबाडीचे आहे, मग ते मोर्चातून होवो की सभागृहातून.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या समर्थकांनीही ऐकला पाहिजे. ‘ठाऊक असताना’ ही कसोटी फारच सैल नाही का? गावात प्रत्येकाची जात प्रत्येकाला ठाऊक असते. मग जातीचा खरोखरच संबंध नसलेल्या भांडणातही हे कलम लागणार आणि न्यायाधीशाला जन्मठेपेशिवाय पर्याय राहणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे. एका टोकाला अशक्य पुरावा आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ काहीच पुरावा नाही, असा हा झोका आहे. त्याच्या मधली जागा आपल्याच कायद्यात सापडते, आणि तीही जुनी. हुंडाबळींच्या बाबतीत १९८६ मध्ये पुरावा कायद्यात ११३-ब हे कलम आले. मृत्यूच्या काही काळ आधी हुंड्यासाठी छळ झाला होता एवढे सरकार पक्षाने दाखवावे. मग मृत्यूला पती वा सासरचे कारणीभूत आहेत असे न्यायालय गृहीत धरते आणि ते गृहीतक खोडण्याचा भार आरोपीवर येतो. चार भिंतींआड घडणाऱ्या गुन्ह्याचा पुरावा बाहेरच्याला मिळणार नाही हे संसदेने तेव्हा ओळखले होते. मन ही तर त्याहून बंद खोली.

हीच रचना द्वेषातून होणाऱ्या हिंसेला लागू करावी. पीडित समाजावर बहिष्कार होता का, आधी तक्रारी झाल्या होत्या का, मारताना शिव्या कोणत्या दिल्या, देहाची वा वस्तूंची विटंबना कशी केली, घटनेआधी कोणत्या सभा झाल्या आणि कोणते संदेश फिरले, अनेकांतून नेमका हाच माणूस का निवडला, या परिस्थितीपैकी काही सरकार पक्षाने दाखवले की जात वा धर्म हे अंशतः तरी कारण होते असे न्यायालयाने मानावे. आरोपीने ते खोडून दाखवले तर मूळ गुन्ह्याची शिक्षा आहेच. अशी रचना न्याय संहितेच्या १०३(२) आणि ११७(४) या कलमांत आणायला एक छोटी दुरुस्ती पुरते. त्याच दुरुस्तीत पाच हा आकडा जावा, धर्म हा शब्द यावा आणि भटकेपण व व्यवसाय यांवरून असणाऱ्या पूर्वग्रहांचाही उल्लेख व्हावा. शिक्षेत फरक हवा, पण तो फाशीच्या दिशेने नको. दुखापतीच्या गुन्ह्यात किमान शिक्षा ठरवावी. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षामाफीआधी भोगायची किमान मुदत वाढवावी. पीडित कुटुंबाचे पुनर्वसन, तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देणे आणि साक्षीदारांना संरक्षण या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने दिलेल्या गोष्टी येथेही मिळाव्यात. तसे झाले तर सरकारी वकिलाला आणि कुटुंबाला त्या कलमासाठी भांडावेसे वाटेल.

कायदा कितीही नेमका लिहिला तरी तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावरून जातो, हे आम्ही विसरलेलो नाही. १७ जुलै २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी समन्वय अधिकारी नेमण्याचे आणि अशा खटल्यांसाठी जलदगती न्यायालयांचे निर्देश दिले होते, आणि संसदेने स्वतंत्र कायदा करावा असे सुचवले होते. कायदा आला तो वर सांगितल्यासारखा. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने झुंडबळींची माहिती २०१७ च्या सुमारास गोळा केली, पण ती विश्वासार्ह नसल्याचे सांगून प्रसिद्ध केली नाही. अनुसूचित जातींवरील गुन्ह्यांची नोंद होते म्हणून २०२२ मध्ये त्यांचा आकडा ५७,५८२ होता हे आपल्याला कळते. धर्म, भाषा वा भटकेपणावरून मारल्या गेलेल्यांचा असा आकडाच नाही. ज्याची मोजदाद होत नाही त्या गुन्ह्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद होत नाही आणि विधिमंडळात प्रश्नही विचारता येत नाही.

खैरलांजीत जे घडले त्याचे नाव ठरवायला न्यायालयाला शब्द पुरले नाहीत, हे त्या काळच्या कायद्याचे अपयश होते. संसदेने ते २०१५ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये पुसून टाकले. ही चूक अनवधानाने झाली असेल तर दुरुस्त करायला वेळ लागू नये, आणि जाणूनबुजून झाली असेल तर तसे सरकारने सांगावे. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य जातात. आज त्यांच्यापैकी बरेच जण अभिवादनाच्या फलकांवर झळकतील. त्यांतल्या एकाने तरी येत्या हिवाळी अधिवेशनात कलम १०३(२) च्या दुरुस्तीचे खासगी विधेयक मांडावे.